बाजारांत तुरी

जुन्या वर्तमानपत्राची किंमत आपल्या घरांत रद्दीच्या भावानेंच ठरते. सकाळीं ज्या पानासाठीं दोघां भावांत ओढाताण होते, तेंच पान चार दिवसांनीं फडताळांत डब्यांखालीं अंथरलेलें दिसतें. तथापि एखादा अंक रद्दींतून वांचतो, कांचेच्या चौकटींत बसतो आणि पाऊणशें वर्षें लोकांस हंसवीत राहतो. अशा भाग्यवान् अंकांत अग्रपूजेचा मान ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ या अमेरिकन पत्राच्या ३ नोव्हेंबर १९४८ च्या पहिल्या आवृत्तीस द्यावा लागेल. आज वाचकांनीं आमच्याबरोबर हाच अंक उलगडून पाहावा.

पहिल्या पानाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ठळक अक्षरांत मथळा आहे : ‘ड्यूईकडून ट्रूमनचा पराभव’. आदल्या दिवशीं अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. हॅरी ट्रूमन हे त्या वेळचे अध्यक्ष, पक्ष डेमोक्रॅटिक. टॉमस ड्यूई हे न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर, पक्ष रिपब्लिकन. मथळा सुटसुटीत होता, अक्षरें सुबक होतीं. उणीव एवढीच कीं, तो खरा नव्हता. ट्रूमन यांस ३०३ निर्वाचक-मतें मिळालीं, ड्यूई यांस १८९. शिकागो ज्या इलिनॉय राज्यांत आहे, तेथेंही रिपब्लिकनांची सरशी दिसत असल्याचें त्याच पानावर छापलें आहे. प्रत्यक्षांत त्या राज्याचे गव्हर्नर झाले ते डेमोक्रॅटिक पक्षाचे ॲडलाय स्टीव्हन्सन, आणि तेही साडेपांच लाखांहून अधिक मतांनीं! स्वतःच्या अंगणांतली बातमीही अशी हातची निसटली.

असें झालें कसें? नोव्हेंबर १९४७ पासून शिकागोच्या छापखान्यांतील जुळाऱ्यांचा संप चालू होता. मजकूर टंकलेखन यंत्रावर उतरावयाचा, त्याचें छायाचित्र घ्यावयाचें व त्यावरून ठसे करावयाचे, असा द्राविडी प्राणायाम करून अंक निघे. त्यामुळें पहिली आवृत्ति नेहमीपेक्षां कित्येक तास आधीं छापावयास द्यावी लागे. मतमोजणी तर नुकती कोठें सुरू झालेली. व्यवस्थापक संपादक मॅलोनी यांनीं वॉशिंग्टनचे जुनेजाणते वार्ताहर आर्थर सीअर्स हेनिंग यांचा कौल मागितला. मागील पांच अध्यक्षीय निवडणुकांपैकीं चारांचें भाकीत त्यांनीं बरोबर वर्तविलें होतें. हेनिंग म्हणाले, ड्यूई. झालें! सुमारें दीड लाख प्रती बाहेर पडल्या.

परंतु एकट्या हेनिंग यांस हंसणें न्यायाचें होणार नाहीं. ‘न्यूजवीक’ साप्ताहिकानें राजकारणावर लिहिणाऱ्या पन्नास पत्रकारांस विचारलें होतें. पन्नासही ड्यूई म्हणाले. लोकमत अजमावणाऱ्या एल्मो रोपर यांनीं सप्टेंबरांतच विचारपूस आटोपती घेतली. आतां विचारावयाचें उरलेंच काय? गॅलप यांचें शेवटचें अनुमान ड्यूई शेंकडा ४९.५, ट्रूमन ४४.५ असें होतें. निकाल लागला तो ट्रूमन सुमारें ४९.५, ड्यूई सुमारें ४५! आंकडे जवळजवळ बिनचूक होते. नांवें तेवढीं उलटीं पडलीं. ऑल्सॉप बंधु या नामांकित लेखकद्वयाचा निकालाच्या सकाळीं प्रसिद्ध झालेला लेख तर, नवे अध्यक्ष येईपर्यंतचे दहा आठवडे सरकारनें कसे काढावेत, या चिंतेनें व्याकुळ झालेला होता. बाजारांत तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण इंग्रजींत असती तर त्या सकाळीं तिला फार मागणी आली असती.

ज्यांच्या पराभवाची अशी द्वाही फिरली, ते ट्रूमन त्या रात्रीं काय करीत होते? मिसूरी राज्यांतील एक्सेल्सिअर स्प्रिंग्ज या गांवीं पेलाभर दूध घेऊन ते लौकर निजले होते. दोन दिवसांनीं वॉशिंग्टनला परततांना सेंट लुइस स्टेशनावर ‘ट्रिब्यून’चा तो अंक त्यांच्या हातीं आला. आगगाडीच्या मागल्या सज्जांत उभे राहून, दोहों हातांनीं अंक उंच धरून ते मनमुराद हंसले. तें छायाचित्र आजही सर्वत्र पाहावयास मिळतें.

अमेरिकेंत नाक मुठींत धरून पराभव पत्करण्यास ‘कावळा खाणें’ म्हणतात. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ पत्रानें अध्यक्षांस तार केली कीं, आम्ही पत्रकार व भाकीतकार कावळ्याची पंगत मांडतों, आपण प्रमुख पाहुणे म्हणून यावें. ट्रूमन यांनीं उलट कळविलें कीं, कोणास कावळा खातांना पाहण्याची आपणांस हौस नाहीं. पुढें पंचवीस वर्षें होतील तेव्हां मथळ्याची प्रतिकृति ट्रूमन यांस भेट देण्याचें खुद्द ‘ट्रिब्यून’नेंही योजिलें होतें, परंतु डिसेंबर १९७२ मध्यें ते निवर्तले.

या शहाण्यांस बातम्यांचा तुटवडा नव्हता. पण ते एकमेकांसच विचारीत होते. इकडे ट्रूमन रेल्वेनें सुमारें तीस हजार मैल हिंडून लहानसहान स्टेशनांवर लोकांशीं बोलत होते. ज्यांच्या हातीं कौल होता त्यांस शेवटच्या दिवसांत कोणी विचारलेंच नाहीं, आणि प्रत्येकाच्या पाठीशीं दुसऱ्याची खात्री होती.

असा अंक आपल्या माजघरांतूनही अधूनमधून निघतो. आत्याबाई मामंजींस विचारतात, मामंजी काकांस, काका पुन्हां आत्याबाईंस. आणि रात्रीच्या पंक्तीस मथळा झळकतो : ‘स्थळ मुलीस पसंत’. मुलगी पलीकडे ताटें मांडीत असते. तिला विचारावयाचें तेवढें राहून गेलेलें असतें. ‘धाकट्यास इंजिनियरच व्हावयाचें आहे’, ‘सूनबाईंची नोकरी सोडण्यास हरकत नाहीं’, हे मथळेही असेच सर्वानुमतें जुळविले जातात. कोणाच्याही मनांत कपट नसतें. हेनिंग यांच्या तरी कोठें होतें?

फरक इतकाच कीं, ‘ट्रिब्यून’नें त्याच रात्रीं पुढल्या आवृत्त्यांत मथळा बदलला. मुलीच्या संसाराची दुसरी आवृत्ति काढणें मात्र इतकें सोपें नसतें. तेव्हां पुढच्या खेपेस पंक्तींत असा मथळा ऐकूं आला, तर मामंजींनीं घास खालीं ठेवून ताटें मांडणारीस हांक मारावी आणि तिचें उत्तर येईपर्यंत छपाई थांबवावी. आमटी थोडी निवेल. पण ती पुन्हां ऊन करतां येते.