माणसांसकट घर

‘चार शयनगृहे, पोहण्याचा तलाव, जनरेटर, फ्रीज, आचारी, केअरटेकर, समुद्र पायी पाच मिनिटांवर.’

ही जाहिरात ठाण्याच्या पुतणीने मला मोबाईलवर पाठवली, तेव्हा तिला माझ्याकडून एक होकार तेवढा हवा होता. पण मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला जाहिरात सरळ वाचता येत नाही. स्वल्पविराम देऊन ज्या गोष्टी एका ओळीत मांडायच्या त्या एका जातीच्या असाव्यात, असे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दरसाल सांगत आले आहे. इथे जनरेटर आणि आचारी एकाच दावणीला बांधलेले! मी तसे पुतणीला कळवले. तिचे उत्तर आले, “काकू, व्याकरण नंतर. दिवाळीतले घर आहे, उद्या मिळायचे नाही.”

अलिबाग, लोणावळा, कर्जत, गोवा या बाजूंना हल्ली अशी घरे पुष्कळ झाली आहेत. त्यांना व्हिला म्हणतात. मालक बहुधा मुंबई-पुण्याचा; तो वर्षातून चार दिवस येणार, उरलेले दिवस घर भाड्याने. हॉटेलात खोली मिळते, इथे सबंध घर मिळते: स्वयंपाकघर, अंगण, झोपाळा आणि घर राखणारी माणसे यांच्यासकट. भाडे रात्रीच्या हिशेबाने. शनिवार-रविवारी आणि सणासुदीला चढे. ठरल्यापेक्षा माणूस वाढला की डोक्यामागे जादा आकार. अनामत निराळी. जेवण बहुतेक ठिकाणी भाड्यात धरलेले नसते. एक तर ताटाचा दर, नाही तर वाणसामान तुमचे आणि स्वयंपाकाचे पैसे वेगळे. रात्री दहानंतर अंगणात कर्णे लावायचे नाहीत, हे त्यातले मला मनापासून आवडलेले कलम. ते तर सरकारी कायद्यातही आहे. आकडा प्रथम ऐकला की छातीत धस्स होते. सोळा माणसांत वाटला की माणूस पुन्हा श्वास घेऊ लागतो.

तसे पाहिले तर ही तऱ्हा फार नवी नाही. माथेरानला पारश्यांचे बंगले होते, आणि डाकबंगल्यातला खानसामा तर जुन्या प्रवासवर्णनांतून आपल्या ओळखीचाच आहे. आम्हां वर्धेकरांना पाहुण्यांच्या घराचे अप्रूप त्याहून कमी. जमनालाल बजाजांच्या बजाजवाडीत देशभरची पुढारी मंडळी उतरत. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्याला भरत तेव्हा गावात पाहुण्यांची वर्दळ असे. ‘छोडो भारत’चा ठरावही १४ जुलै १९४२ रोजी कार्यकारिणीने वर्ध्यालाच केला. आणि बजाजवाडीपासून सात-आठ किलोमीटरवर सेवाग्राम. तिथला आश्रमाचा रिवाज असा की ज्याचे ताट त्याने घासावे. हाकेच्या अंतरावर पाहुणचाराच्या या दोन तऱ्हा पाहत आमची पिढी वाढली. दुसरी तऱ्हा आमच्या घरातल्या पुरुषांना फारशी मानवली नाही, ही गोष्ट वेगळी.

आम्हांला ओढ होती ती समुद्राची कमी, घराची जास्त. आर्वीचा आमचा वाडा २०११ साली विकला. वाटण्या झाल्या, कोणाची भांडणे झाली नाहीत, सगळे शहाण्यासारखे पार पडले. आता थोरले दीर ठाण्याला, धाकटे नागपूरला, नणंद पुण्याला, आम्ही वर्ध्याला. प्रत्येकाकडे दोन-तीन खोल्या. पण सोळा माणसांची पंगत बसेल अशी जागा एकाकडेही नाही. सासूबाई एक्याऐंशीच्या. दिवाळीला सगळी मुले एका छपराखाली असावीत एवढेच त्यांचे मागणे. तेव्हा जे विकून मोकळे झालो, तसलेच काही तरी तीन रात्रींपुरते भाड्याने घ्यायचे ठरले.

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ साली, पाडव्याला आम्ही निघालो. समृद्धी महामार्ग त्याच वर्षी जूनमध्ये शेवटपर्यंत खुला झाला होता. पहाटे सेलूजवळ त्या रस्त्याला लागलेली आमची गाडी रात्रीच्या जेवणाला अलिबागजवळ नागावात पोचली. डिकीत चिवडा, चकल्या, तिखटाची बरणी आणि गोरसपाकाचे चार डबे. वर्ध्याचा माणूस गोरसपाकाशिवाय कोणाच्या दारात जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही पाचही जणी एकेक करून स्वयंपाकघराच्या दाराशी हजर. कोणी कोणाला बोलावले नव्हते. पायच तिकडे वळले. आत चाळिशीच्या एक बाई आधीच ओट्याशी उभ्या. म्हणाल्या, “बसा बाहेर, चहा आणते.” आम्ही झोपाळ्यावर येऊन बसलो. हातांचे काय करायचे ते कोणालाच कळेना. धाकटी जाऊ आपली ओढणीच घडी घालून पुन्हा मोडू लागली.

मग बोलणे निघाले. वीस वर्षांत थोरल्या जाऊबाईंशी मी इतका वेळ सलग बोलले नव्हते. वाड्यात आमचा संवाद फोडणीच्या आवाजावरून चालायचा. त्या वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या, हे ठाऊक होते. पण कुंपणाबाहेरची उंडी, सुरंगी, केवडा अशी एकेका झाडाकडे बोट दाखवून त्या नावे सांगू लागल्या, तेव्हा त्यांचा मुलगासुद्धा कानातली दोरी काढून ऐकत राहिला.

इतक्यात गच्चीवरून दिरांची हाक आली, “चहा!” आम्ही तिघी जावा एकदम उठलो आणि एकदमच बसलो. चहा त्या बाईंनी नेला. वाड्याची कधी जाहिरात निघाली नाही. निघाली असती तर त्यात आचारी आणि केअरटेकर हे शब्द घालायची गरज पडली नसती. घरात तीन सुना होत्या.

सासूबाई मात्र स्वयंपाकघरात एक खुर्ची टाकून बसल्या. त्यांना कोण अडवणार? भाकरी तांदळाची, बिरडे वालाचे, वर सोलकढी. “तिखट कमी हाय, पण हात चांगला हाय,” असा निकाल मिळाला. दुपारपर्यंत त्यांनी बाईंची सगळी कहाणी काढून घेतली. बाईंची सुपारीची वाडी होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, ते रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळी आडव्या करीतच गेले. बाईंची वाडी त्यातच गेली. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. तोवर खायचे काय? म्हणून नवरा-बायको या घराच्या राखणीला लागले. तो बाग, पंप आणि रात्रीचा पहारा बघतो, ही स्वयंपाक. राहायला पंपाच्या मागची खोली. गिऱ्हाईक सर्वांत जास्त ते दिवाळीत, त्यामुळे स्वतःच्या दारात पणती लावायची ती पाहुण्यांची जेवणे आटोपल्यावर.

त्या दिवशी भाऊबीज होती. नणंदेने सकाळीच तिघा भावांची नावे घेऊन ताटाची तयारी सुरू केली होती. बाईंचा भाऊ पेणहून आला होता आणि मागच्या खोलीत बहिणीचे काम संपण्याची वाट पाहत बसला होता. हे बाईंनी सांगितले नाही. सासूबाईंनी खिडकीतून पाहिले. त्यांनी हुकूम सोडला: रात्रीचा स्वयंपाक आपण करू, हिला सुटी.

बाई घाबरल्या. म्हणाल्या, साहेबांना विचारा. साहेब म्हणजे घर ठरवून देणारे गृहस्थ. यांनी फोन लावला. ते गृहस्थ बोलायला गोड होते. “तुमची जेवणे तुम्ही करा, त्याला हरकत नाही. पण बाईंना सुटी म्हणून सांगू नका. एकदा सवय लागली की पुढच्या पाहुण्यांना त्रास होतो.”

फोन मोठ्या आवाजावर होता. सासूबाई यांच्या हातातल्या फोनकडे तोंड करून म्हणाल्या, “लागली सवय तं लागू दे. आमाले लागली नाही, म्हणून का तिलेही लागू द्याची नाही?”

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. बरे, म्हणाले. बाई निघाल्या तेव्हा त्यांच्या हातात गोरसपाकाचा एक डबा होता.

संध्याकाळी पाटवडीचा रस्सा झाला. पाटवड्या थापणे पुरुषांचे काम नव्हे असे आम्हीच ठरवून टाकले, कारण रस्सा आम्हांलाही खायचा होता. कांदे मात्र तिन्ही भावांनी चिरले, आणि जेवणानंतर सोळा ताटे पुतण्यांनी विहिरीजवळच्या नळावर घासली, सेवाग्रामी पद्धतीने. एक काचेचा वाडगा फुटला, त्याचे पैसे अनामतीतून कापले गेले. तक्रार नाही.

अशा घराची चौकशी करताना लोक तलावाची खोली विचारतात, गाडी कुठे लावायची ते विचारतात. मी आता पुतणीला आणखी तीन प्रश्न लिहून दिले आहेत. राखणारी माणसे झोपतात कुठे? आमच्या ताटाच्या दरातून स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात किती पडते? आणि सणाच्या दिवशी त्यांना घरी जाता येते का? यंदा चौकशी केलेल्या दोन घरांनी तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच दिले नाही. तिसऱ्याने दिले, ते घर लांब आहे, पण बहुधा तेच ठरेल.

गेल्या वर्षीचा हिशेब ठाण्याच्या दिरांनी केला. भाडे, ताटे, डिझेल, फुटलेला वाडगा, सगळे रकाने पाडून त्यांनी सर्वांना पाठवले. भाऊबीजेच्या रात्रीच्या जेवणापुढे वाणसामानाची रक्कम होती आणि मजुरीच्या रकान्यात शून्य. जाऊबाईंनी त्यावर लगेच लिहिले, “चार बायका, अडीच तास. बाईंना जो दर दिला तोच लावा.” नणंदेने अंगठा दाखवला. दिरांनी विचारले, हे पैसे कोणी कोणाला द्यायचे? त्यावर तीन दिवस चर्चा चालली. रकाना अजून रिकामा आहे.