पोरांच्या खेळाला नावे ठेवण्याआधी



गळीत हंगाम संपला, जरा उसंत मिळाली की पारावर एक विषय हमखास निघतो. "पोरगं पनवेलला नोकरीला लागलं खरं, पण रविवार आला की पाठीवर पिशवी टाकून डोंगर हुंदडतंय. गावाकडं यायला तेवढी सवड नाही!" आपल्या भागातली कितीतरी पोरंपोरी आज पनवेल, कळंबोली, कामोठे इकडे खोल्या करून राहतात. त्यांच्याबद्दलची ही तक्रार आम्हीही केलेली आहे. पण हल्ली ती करताना जीभ अडखळते. कारण सांगतो.

पनवेलच्या आसपास कर्नाळा, प्रबळगड, कलावंतीण असे पोरांचे आवडते डोंगर आहेत. शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगड. त्याच्या अंगावर इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी होती. गडावर जाणारी पोरे तिथे टेकायची, पाणी प्यायची, भाकरी खायची. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात दरड वाडीवर आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला.

वाडीला गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रे पायथ्यालाच राहिली. वर जायची वाट चिखलाची आणि तासाभराहून जास्त चढाची. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी मदतीला चढत असतानाच हृदयविकाराने गेले. अशा वाटेवर सरकारी जवानांच्या बरोबरीने धावले ते खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांचे गिर्यारोहक. डोंगर त्यांच्या पायाखालचा होता. पावसात माणूस खाली कसा आणायचा, हे सुट्टीच्या दिवशी खेळता खेळताच ते शिकले होते. ज्यांच्या दारात पाणी प्यायले, त्यांच्यासाठी ते शिकणे कामी आले.

आणखी एक गोष्ट तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. त्या रात्री काही मुले घरांपासून बाजूला असलेल्या शाळेत मोबाईलवर खेळत बसली होती. मोठा आवाज ऐकून तीच धावली आणि त्यांनी लोकांना हाका घातल्या. ज्या मोबाईलपायी आपण रोज पोरांवर खेकसतो, तोच त्या रात्री त्यांना जागे ठेवून गेला!

लांब कशाला जायचे? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या काठाला म्हातारीकोतारी आणि जनावरे बाहेर काढायला कोण उतरले? नदीत डुंबतात म्हणून ज्यांनी लहानपणी बापाचा मार खाल्ला, तीच पोरे.

याचा अर्थ पोरांनी वाटेल तसा धिंगाणा घालावा असा नव्हे. पनवेलजवळच्याच गाढेश्वर धरणावर पावसाळी मौजेत तरुण बुडाले आहेत आणि प्रशासनाला तिथे बंदी घालावी लागली आहे. दारू पिऊन पाण्यात उतरणे हा खेळ नव्हे. पण म्हणून खेळच बंद करायचा? खेळाला शिस्त लावणारा कोणी वडीलधारा हवा, आणि नेमके तिथे आपण कमी पडतो. नावे ठेवायला पुढे, सोबत करायला मागे.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. गावातल्या तालमीत, मंडळात यंदाच्या वर्गणीतून चांगला दोर, एक स्ट्रेचर, प्रथमोपचाराची पेटी आणि पोहताना घालायची चार जाकिटे घ्यावीत. ढोल-ताशाचा एखादा दिवस कमी झाला तरी चालेल. आणि पनवेलहून पोरगं सणाला घरी आलं की "कुठं उंडारतोस?" असं न विचारता, "काय काय शिकलास ते आपल्या पोरांना दाखव की," असं म्हणावं. बघा, पुढच्या खेपेला ते दोन दिवस जास्त राहील.

पूर काही सांगून येत नाही. पावसाळ्याआधी याचा विचार व्हावा.