करार एक, न्याय दोन

इंग्रजांनी कायद्याचे राज्य आणले म्हणून व्यापार वाढला, असे आजही अभिमानाने सांगितले जाते. व्यापार वाढला हे खरेच; पण कोणाच्या जिवावर? व्यापाऱ्याने करार मोडला, तर १८७२ च्या करार कायद्याने त्याला फक्त नुकसानभरपाई द्यावी लागे. मजुराने मोडला तर? त्याच्यासाठी १८५९ चा तेरावा कायदा होता. उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेट परत कामावर जाण्याचा हुकूम देई. तो मानला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद. आसामात तर १८६५ च्या कायद्याने पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार खुद्द मळेवाल्यांनाच दिला. लंडनला जाणाऱ्या चहाच्या पेटीमागे हा तुरुंग उभा होता.

१८५९ चा कायदा रद्द करण्याचा निर्णय १९२५ साली झाला. संविधानाच्या कलम २३ ने सक्तीच्या श्रमाला बंदी घातली. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदाही आला. तरीही उचल फिटेपर्यंत ऊसतोड कामगाराला फड सोडणे आजही अवघडच. तेव्हा कायद्याने बाजार किती वाढला, एवढेच विचारून भागणार नाही. मजुराला ‘नाही’ म्हणता येते का, हे आधी विचारले पाहिजे.