प्राडाला शिव्या देऊन झाल्या असतील, तर आता कागदांवर बोलू

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सनी पायात कोल्हापुरीसारखी चप्पल घातली आणि इकडे आपण सगळे पेटलो. आमच्या वाशी-नेरूळच्या ग्रुपवर तर दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. 'आमची चप्पल चोरली', 'केस ठोका', 'पेटंट आपलं आहे'. महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं, प्राडाने भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, टीम कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबरमध्ये करारही झाला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे आणि फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या चाळीस दुकानांत विकायचे. एका जोडाची किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या वर.

झालं. आपण जिंकलो म्हणून पेढे वाटून मोकळे.

मला एकच विचारायचंय. आपण नक्की कोणत्या कागदाच्या जोरावर जिंकलो? उत्तर असं की कोणत्याच नाही. आरडाओरडा झाला, कंपनीला अब्रूची काळजी वाटली, म्हणून ती वाटाघाटीला बसली. उद्या एखादी कंपनी निर्लज्ज निघाली तर तिच्यासमोर ठेवायला आपल्याकडे काय आहे?

मुळापासून सांगतो, कारण कमेंटमध्ये अजूनही पेटंट-पेटंट चाललंय. पेटंट हे नव्या शोधाला मिळतं. हळदीच्या वेळी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाने घेतलेलं होतं ते पेटंट, आणि डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. चप्पल शेकडो वर्षं जुनी, तिला पेटंट कसलं? कोल्हापुरीला आहे ते जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. २०१९ मध्ये मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार. मालकी दोन सरकारी महामंडळांकडे: आपलं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर.

आता मुद्द्याचं. ही नोंदणी चेन्नईच्या कार्यालयातली. ती भारताच्या हद्दीत चालते. सहार विमानतळावरून विमान उडालं की तिचा अंमल संपला. ट्रेडमार्कचंही तेच. मुंबईत नोंदवलेलं नाव दुबईत तुमचं नसतं, न्यूयॉर्कमध्ये नसतं, मिलानमध्ये तर नाहीच. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, प्रत्येक ठिकाणी वेगळी नोंदणी. आपल्याकडे मात्र सर्टिफिकेटला फ्रेम करून भिंतीवर लावली की जग जिंकलं असा समज आहे.

खरं तेही सांगितलं पाहिजे. युरोपात नाव नोंदवलेलं असतं तरी प्राडाला ती चप्पल दाखवण्यापासून अडवता आलं नसतं, कारण त्यांनी 'कोल्हापुरी' हे नाव वापरलंच नव्हतं. नुसत्या 'लेदर सँडल' म्हणून दाखवल्या होत्या. नावाची नोंदणी नावाचं रक्षण करते, आकाराचं नाही. मग नाव नोंदवून उपयोग काय? उपयोग हा की तेव्हा बोलणी मेहेरबानीवर झाली नसती. कोल्हापुरी हे नाव विकायला हवं असेल तर या आणि मालकाशी व्यवहार करा, असं टेबलावर ठणकावून सांगता आलं असतं. आणि उद्या कोणी दुसऱ्या देशात मशीनवरच्या रेक्झिनच्या चपला 'कोल्हापुरी' म्हणून विकल्या तर त्या उतरवता आल्या असत्या.

मुंबई उच्च न्यायालयात जुलैमध्ये काही वकिलांनी जनहित याचिका केली. ती फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: जीआयचे नोंदणीकृत मालक आहेत, ते स्वतः येऊ शकतात, तुम्ही कोण? बरोबरच आहे. लाज त्या मालकांना वाटायला हवी. वकील कोर्टात उभे होते आणि ज्याच्या नावावर सातबारा आहे तो बांधावरही दिसत नव्हता.

दुसरीकडे बघा. दार्जिलिंग चहासाठी टी बोर्ड जगभर फिरला. अमेरिकेत नोंदणी केली, २०११ मध्ये युरोपात संरक्षण मिळवलं, आणि अंतर्वस्त्रं विकणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने 'दार्जिलिंग' नाव घेतलं म्हणून युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. २०१७ मध्ये हरला, पण भांडला! बासमतीसाठी अपेडाने २०१८ मध्ये युरोपात अर्ज टाकला, पाकिस्तानशी त्यावर अजून झुंज चालू आहे. म्हणजे सरकारला हे जमत नाही असं नाही. चहामागे मळेवाले आहेत, बासमतीमागे बडे निर्यातदार आहेत. चपलेमागे कोण आहे? कोल्हापूरच्या सुभाषनगरातला, अथणीतला, निपाणीतला चर्मकार. कातडं कमावणाऱ्याची, ते शिवणाऱ्याची फाइल मंत्रालयात कोणत्या मजल्यावर अडकते हे पत्रकारिता करणाऱ्याला सांगावं लागत नाही. शाहू महाराजांनी या धंद्याला हात दिला होता, त्याला शंभर वर्षं झाली. त्यानंतर भाषणं भरपूर झाली.

आणि परदेशी लोक आपल्याकडे येऊन काय करतात? स्कॉच व्हिस्की, शॅम्पेन, कोन्याक ही नावं त्यांनी आपल्याच चेन्नईत येऊन नोंदवली आहेत. त्यांच्या संघटना इथल्या बाटल्यांच्या लेबलांवर नजर ठेवून असतात. एकदा मात्र तेही झोपले. 'पीटर स्कॉट' या भारतीय व्हिस्कीविरुद्ध माहिती असूनही बारा वर्षं गप्प बसले, आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उशिराच्या कारणावरून त्यांना परत पाठवलं. उशीर केला की स्कॉचवाल्यांनाही माफी नाही, मग आपल्याला कोण देणार?

हे सगळं कोल्हापूरचं झालं, नवी मुंबईकराला काय त्याचं, असं कोणाला वाटत असेल तर तुर्भ्याला चला.

एमआयडीसीत एक मसालेवाले आहेत. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. आगरी मसाला, मालवणी मसाला, गोडा. आठ-नऊ वर्षं दुबईला माल जातो, एकाच आयातदारामार्फत. यांचं ब्रँडनेम, यांचंच लेबल, यांच्या सुनेने काढलेलं चित्र. भारतात ट्रेडमार्क रीतसर नोंदवलेला. गेल्या वर्षी यांनी शारजाच्या दुसऱ्या व्यापाऱ्याला माल द्यायचं ठरवलं, तर पहिल्याच्या वकिलाची नोटीस! का, तर ते नाव त्याने तिकडे स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलंय. म्हणजे आपल्याच मसाल्याच्या पाकिटावर आपलंच नाव छापून पाठवलं तर तो तिकडे गुन्हा. मी विचारलं, केस का नाही करत? आंतरराष्ट्रीय करारात तरतूद आहे, एजंटाने मालकाला न विचारता नाव नोंदवलं तर मालकाला ते रद्द करून मागता येतं. म्हणाले, 'साहेब, तिथे वकील लावायचा, कागद अरबीत करून घ्यायचे, आणि तेवढे दिवस माल कोणाला देऊ? अजून त्यालाच जातोय.'

अशा गोष्टी रबाळे, महापे, पावण्यात विचारत फिरा, अजून सापडतील. लोणचीवाले, फरसाणवाले, अगरबत्तीवाले. जेएनपीटीतून रोज कंटेनर जातात, वाशीच्या मसाला मार्केटमधून माल जगभर पोहोचतो, डिसेंबरपासून आपलं स्वतःचं विमानतळही सुरू झालंय. कार्गोच्या, निर्यात हबच्या घोषणा ऐकून कान किटले. माल बाहेर कसा जाईल यावर सगळे बोलतात. मालावरचं नाव बाहेर कोणाचं राहील यावर एक शब्द नाही.

रस्ता नाही असंही नाही. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये आहे. आधी इथे अर्ज करायचा. व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन साडेचार हजार रुपये, एका वर्गासाठी. मग त्याच्याच आधारावर एक अर्ज, एका भाषेत, आपल्याच ट्रेडमार्क कार्यालयामार्फत जिनिव्हाला, आणि त्यात हवे ते देश निवडायचे. अमेरिका आहे, युरोप आहे, कॅनडा आहे, आणि डिसेंबर २०२१ पासून संयुक्त अरब अमिरातीही आहे. इथे अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत परदेशात अर्ज केला तर तिकडेही इथलीच तारीख धरतात. हे सहा महिने आपले लोक गणपती-दिवाळीच्या ऑर्डरमध्ये घालवतात आणि नंतर नोटीस आली की सीएला फोन करतात. एक खाच लक्षात ठेवा: पहिल्या पाच वर्षांत इथली मूळ नोंदणी कोसळली तर तिच्यावर उभी असलेली बाहेरचीही कोसळते. म्हणून इथला पाया कच्चा ठेवू नका.

पण खर्च? इथलं हाताळणी शुल्क पाच हजार, जिनिव्हाचं मूळ शुल्क ६५३ स्विस फ्रँक, म्हणजे सत्तर हजारांच्या आसपास, वर प्रत्येक देशाचं वेगळं. दोन-तीन देश घेतले की लाखाच्या पुढे सहज. दहा बाय पंधराच्या गाळ्यात बायकामुलांसह पाकिटं भरणाऱ्याने हा पैसा कुठून काढायचा? केंद्राच्या एमएसएमई खात्याची योजना आहे. परदेशी पेटंटला पाच लाखांपर्यंत परतावा आणि ट्रेडमार्कला दहा हजार. आता मला सांगा, तुर्भ्याच्या मसालेवाल्याला पेटंट लागतं की नाव टिकवणं? योजना करणाऱ्याने एमआयडीसीचा गाळा आतून पाहिलेला नाही एवढं नक्की.

कोल्हापुरीसाठी तर आत्ताच एक दार उघडलंय, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून ही पोस्ट. युरोपात आजवर भौगोलिक मानांकन फक्त खाण्यापिण्याच्या वस्तूंना मिळायचं. हस्तकलेच्या वस्तूंसाठी नवा कायदा १ डिसेंबर २०२५ पासून लागू झालाय. युरोपबाहेरच्या उत्पादकांनाही त्यात अर्ज करता येतो. म्हणजे कोल्हापुरी, पैठणी, सोलापुरी चादर, वारली चित्र, सगळ्यांना. 'तिकडे सोयच नव्हती' हे कारण महामंडळाला यापुढे चालणार नाही. तसं ते आधीही अर्धवटच होतं. सामूहिक चिन्ह म्हणून नाव नोंदवायची सोय युरोपात आधीपासूनच आहे.

आणि प्राडाच्या दोन हजार जोडांनी हुरळून जाऊ नका. 'कोल्हापुरीपासून प्रेरित' असं त्या मालिकेचं वर्णन आहे. प्रेरणेला मालक नसतो, नावाला असतो. त्या करारात नावाबद्दल काय लिहिलंय, कारागिराला जोडामागे किती मिळणार, हे मराठीत आणि कन्नडमध्ये छापून चप्पल लाईनमध्ये चिकटवा. सामंजस्य करार सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या महामंडळांनी केलाय, कोणाच्या घरचा साखरपुडा नाही तो.

माहिती अधिकारात अर्ज तयार केलाय, सोमवारी टाकतोय. प्रश्न तीन: २०१९ पासून आजपर्यंत 'कोल्हापुरी' नावासाठी कोणकोणत्या देशांत अर्ज केले, त्यावर किती खर्च केला, आणि युरोपच्या नव्या कायद्याखाली अर्ज कधी करणार. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तोवर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ज्यांचा माल बाहेर जातो त्यांनी आज रात्रीच एक काम करा. आयातदार ज्या देशात आहे तिथल्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर आपल्या ब्रँडचं नाव टाकून शोधा. कोणाच्या नावावर निघतंय ते इनबॉक्समध्ये कळवा. तुमचं नाव छापणार नाही.