कोपरावरचे काटे आणि दंडावरचे दाणे

मागच्या थंडीत आमच्या शिरड शहापुरात एका वक्त्यानं बायकांपुढे दीड तास भाषण केलं. विषय होता खरखरीत कातडी आणि तिच्यावरचे घरगुती उपाय. सांगणं थोडक्यात असं : रक्त बिघडतं म्हणून कातडी बिघडते. जेवणातलं तेल तोडा, दूध तोडा, डाळ कमी करा. सकाळी अनशापोटी कडुलिंबाचा रस प्या. लिंबू-हळद चोळून वजरीनं घासा. एकवीस दिवसांत अंग लोण्यासारखं होईल, डॉक्टरची पायरी चढायची गरज नाही.

त्या बायकांत माझी पुतणी होती. वय एकोणीस. तिच्या दोन्ही दंडांवर लहानपणापासून बारीक दाणे आहेत, हात फिरवला की कानशीसारखे लागतात. महिन्याभरानं ती माझ्याकडे आली तेव्हा दाणे जिथल्या तिथे होते. भोवतालची कातडी मात्र सोलून लाल झालेली, दोन ठिकाणी खपली धरलेली. ताटात चटणीवर तेल घालायला गेले तर तिनं हात आडवा धरला. ‘नको काकू, तेलानंच होतं म्हणे हे.’ पोरीचा चेहरा उतरला होता. वक्त्याला तो दिसला नाही, मला दिसला, म्हणून लिहिते आहे.

खरखरीत अंग हे एकच दुखणं नव्हे. पुतणीच्या दंडावर आहे त्याला डॉक्टर केराटोसिस पिलॅरिस म्हणतात. केसाच्या मुळाशी केराटिन साचतं, त्याचं बूच बसतं आणि तेच दाण्यासारखं हाताला लागतं. ते बहुधा घराण्यातून येतं. तिच्या आईच्या दंडावर आहे, मामाच्या मांडीवर आहे. हिवाळ्यात कोरड्या हवेनं वाढतं, पावसाळ्यात नरमतं, वय वाढेल तसं पुष्कळांचं कमी होतं. त्यात रक्ताचा काही दोष नाही, आणि ताटातली डाळ काढून आईकडून आलेली कातडी बदलत नाही.

दुसरं दुखणं वेगळं. ते कोपरावर, गुडघ्यावर, ढुंगणावर उठतं. टोकदार काटेच असतात ते, आणि बहुतेक वेळा लेकरांनाच होतात. १९३३ मध्ये निकोल्स नावाच्या डॉक्टरनं त्याला ‘फ्रिनोडर्मा’ म्हणजे बेडकाची कातडी असं नाव दिलं. आधी वाटलं, ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं म्हणून हे होतं. पुढे आपल्याच देशातल्या संशोधकांनी अशा लेकरांना करडीचं तेल दिलं, ‘ब’ गटातली जीवनसत्त्वं दिली आणि काटे झडले.

म्हणजे आहारानं जी खरखर खरोखर जाते, ती तेलानं जाते! आणि हे गृहस्थ गावोगाव सांगत फिरतात की तेल तोडा. ऐकणाऱ्या बायकांच्या घरी दोन-चार वर्षांची लेकरं आहेत. आईनं तेल तोडलं की लेकराच्या वरणातलंही तेल जातं, घरात दोन फोडण्या होत नसतात. मुलीच्या दंडाला काही फायदा नाही आणि धाकट्याच्या कोपराला काटे, असला हा उपचार. याला घरगुती उपाय म्हणायचं?

तेलाचं थोडं सविस्तर सांगते, कारण माझा खरा राग तिथेच आहे. लिनोलिक आम्ल नावाचं एक स्निग्धाम्ल असतं. शरीराला ते घडवता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. कातडीतला ओलावा धरून ठेवणारा थर त्याच्यावाचून नीट बनत नाही. करडीच्या तेलात ते जवळजवळ पाऊण हिस्सा असतं, सोयाबीनच्या तेलात निम्म्याच्या आसपास, पामतेलात दहाव्या हिश्श्याच्या जवळपास. आमच्या सासूबाई भाकरीवर कच्चं करडीचं तेल घेत, वर तिखट. कोवळी करडी मोठी व्हायच्या आत तिची भाजी होई, बियांचं तेल निघे, पेंड म्हशीला जाई. ज्वारीच्या कडेनं करडीचे तास असत, कारण तिच्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. काढणी पहाटे, दव असेपर्यंत, हाताला फडकी गुंडाळून.

मग सोयाबीन-हरभऱ्याची जोडी शिवारात बसली. करडी आधी बांधाकडे सरकली, पुढे बांधावरूनही गेली. दिरांशी या गोष्टीवर मी वर्षानुवर्षं भांडले आहे. ते म्हणतात काढायला मजूर मिळत नाही, भावही नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’सारखं वाण दिलं ते काय कपाटात ठेवायला? घरापुरते चार तास पेरा, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे. असो. दिरांनी निदान हिशेब मांडला होता. वक्त्यानं तोही मांडला नाही.

आता हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मलाही अभिमान आहे. पण हळद चोळून कातडी मऊ होते म्हणाल तर हळदीच्या काढणीला जाणाऱ्या बायांचे तळहात आधी पाहायला हवेत. शिजवण्याच्या कढईपाशी, वाळवणीच्या जागी त्या महिना-महिना हळदीत असतात. पिवळा रंग नखांच्या मुळात मुरलेला असतो आणि त्याच पिवळ्या बोटांवर भेगा पडलेल्या असतात. हळदीतलं कुर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. लेप रंग देतो, दाणा काढत नाही.

लिंबू सोललेल्या कातडीवर आग करतं. कडुलिंबाच्या रसाचा दंडावरच्या बुचाशी काही संबंध नाही. दूध तोडल्यानं वाढत्या पोरीचं नुकसान तेवढं होतं. आणि वजरी टाचेसाठी आहे, दंडासाठी नाही. घासल्यानं हे दाणे चिडतात.

मग करायचं काय? माझ्याकडे एकवीस दिवसांचा चमत्कार नाही. कढत पाण्यानं न्हाऊ नका, कोमट घ्या. अंग टिपून घ्या, ओल असतानाच तेल किंवा साधं मलम लावा. त्यानं भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून युरियाचं किंवा लॅक्टिक आम्लाचं मलम आणा. ते रोज लावावं लागतं, सोडलं की दाणे परत येतात. लेकराच्या कोपरावर काटे दिसले तर त्याला दवाखान्यात दाखवा, आणि ताटात तेल, डाळ, पालेभाजी, जमेल तर अंडं वाढवा. घरगुती उपाय मला नको आहेत असं नाही. भाकरीवरचं तेल हा घरगुतीच उपाय होता, तोच यांनी काढून घेतला.

पुतणीनं वजरी सोडून सहा आठवडे झाले. खपल्या गेल्या, लाली गेली, दाणे आहेत पण हाताला मऊ लागतात. परवा जेवताना तिनं स्वतःच तेलाची बुधली पुढे ओढली.

वक्ते पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत असं ऐकते. शेजारणीचं तीन वर्षांचं लेकरू मी कडेवर घेऊन जाणार आहे. त्याचं कोपर त्यांच्यापुढे धरून विचारणार आहे, याचं तेल तोडू का?