रात्रीचा भाव

महाबळेश्वरच्या बाजारात गेल्या हिवाळ्यात रात्री हिंडलो. चणे, चपला, मधाच्या बाटल्या, आणि शेवटी स्ट्रॉबेरीची पाटी! हॉटेलचे भाडे निमूट मोजणारा मी. पण पाटीवालीशी हुज्जत घालून भाव निम्म्यावर आणला. सौ.नी शाबासकी दिली.

कसली शाबासकी? मधवाला एक रुपयाही उतरला नव्हता. त्याची बाटली वर्षभर टिकते. स्ट्रॉबेरी सकाळी खुडलेली, उद्या तिला पाणी सुटणार, हे बाईला ठाऊक अन् मलाही! याला आपण काटकसर म्हणतो. अहो, ही शुद्ध अडवणूक! २०१० साली या फळाला भौगोलिक मानांकन मिळाले. मान फळाला, पिकवणाऱ्याला काय?

दिवाळी सरली की नवे फळ येईल, तुम्हीही निघाल. घासाघीस करायचीच, तर आधी हॉटेलच्या गल्ल्यावर करून दाखवा!