देणे कंपनीचे, फरपट शेतकऱ्याची

शेतसारा थकला की नोटीस निघते आणि पुढे जप्तीही येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) शासनासाठी वसुलीची ही वाट प्रशस्त करून ठेवली आहे. मात्र विमा कंपनीकडे शेतकऱ्याचे येणे थकले, तर ते वसूल कोणी करावयाचे? धाराशिव जिल्ह्याला या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाचे उंबरठे झिजवून मिळवावे लागले.

२०२० च्या ऑक्टोबरात, ऐन काढणीच्या वेळी, अतिवृष्टीने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सोयाबीन मातीमोल झाले. नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही, या सबबीखाली बजाज अलायन्झ कंपनीने लाखो विमाधारकांना भरपाई नाकारली. शासकीय पंचनामे झालेले असूनही ही सबब पुढे करण्यात आली. अखेर मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयातही कंपनीला त्यातून सुटका मिळाली नाही.

या व्यवहारातील विषमता उघड आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत खरिपातील सोयाबीनसाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के. पण तो मुदतीत भरला नाही तर संरक्षणच नाही. कंपनीच्या विलंबावर १२ टक्के व्याजाची तरतूद २०१८ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत आहे खरी. परंतु दावाच नाकारला गेला, तर विलंब मोजावयाचा कोठून? देणे मान्य न करणाऱ्या ऋणकोला व्याजाची भीती कसली?

अनुदानाचा शासकीय हिस्सा वेळेवर मिळत नाही, ही कंपन्यांची तक्रार सर्वस्वी खोटी नाही. तथापि तो शासन आणि कंपनी यांच्यातील हिशेब आहे. त्याचा भुर्दंड हप्ता भरून मोकळा झालेल्या शेतकऱ्यावर पडणे न्याय्य नव्हे.

उपाय अवघड नाही. शासकीय पंचनामा झाला असेल, तर नुकसान झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असावी आणि नकाराचे कारण प्रत्येक विमाधारकास लेखी मिळावे. ठरलेल्या दिवसानंतर थकलेली रक्कम, व्याजासह, जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यास जिल्हाधिकारी कायद्यानेच बांधलेले असावेत. शेतकऱ्याला तोवर न्यायालयाची पायरी चढावी लागू नये.

न्यायालयाने एका जिल्ह्याच्या एका हंगामाचा निवाडा केला. पाऊस मात्र दरवर्षी येतो, आणि प्रत्येक गावाला वकील परवडत नाही.